उंबऱ्याबाहेरचा घास

ज्यांच्या पायांशी चार श्वान निर्धास्त विसावलेले असतात आणि ज्यांच्या दारातून कोणताही जीव विन्मुख परतत नाही, त्या श्रीदत्तगुरूंना वंदन करून हे लिहावयास बसलो आहे. निमित्त असे घडले, की दादरला राहणाऱ्या माझ्या पुतणीने रस्त्यात जखमी होऊन पडलेले कुत्र्याचे एक पिल्लू नुकतेच घरी आणले. त्याच्या पायाला फळी बांधलेली आहे. ते तिच्या यजमानांच्या आरामखुर्चीवर निजते आणि यजमान जमिनीवर बसतात. तिने फोनवर मला विचारले, "काका, गिरगावात तुमच्याकडेही एक होता ना? त्याच्याबद्दल लिहून द्या ना. यांना वाचायला देते. फार धुसफुसताहेत."

मी होकार दिला. आत माझी पत्नी तांदूळ निवडत होती. ताटावरची नजर न उचलता ती म्हणाली, "लिहा. पण तुम्ही त्याच्यावर जळत होतात, हे आधी लिहा. नाहीतर पुण्यवान माणसाची गोष्ट होईल ती."

म्हणून ते आधी लिहितो. मी त्याच्यावर जळत होतो.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याची ती वर्षे. गिरगावातील एका चाळीत तिसऱ्या मजल्यावर आमच्या दोन खोल्या होत्या. पुढे सज्जा, सज्जाच्या टोकाला सामाईक नळ. मी सकाळच्या शाळेत संस्कृत शिकवीत असे आणि सायंकाळी गल्लीतल्या राममंदिरात प्रवचन करीत असे. आम्हांला अपत्य नव्हते. दुपारी शाळेतून परतल्यावर स्नान करावे, सोवळे नेसावे, पूजा आणि वैश्वदेव करावा, आणि मग पानावर बसावे, असा माझा नेम होता.

जेवताना मी बोलत नसे. पाठशाळेत शिकत असताना गुरुजींनी भोजनातील मौनाचे व्रत दिले होते, आणि ते मी कधी मोडले नव्हते. जेवणाआरंभीचे पाणी, म्हणजे आपोशन, घेतले की ओठ मिटावयाचे ते हात धुवून झाल्यावर उघडावयाचे. तळहात उताणा केला म्हणजे वाढ, पालथा केला म्हणजे पुरे, तर्जनी उचलली म्हणजे पाणी. पत्नीने ही सगळी भाषा लग्नानंतर थोड्याच दिवसांत आत्मसात केली होती. समोर पाटावर बसून ती माझ्या हाताकडे पाही. जेवण झाले की मी थोडा वेळ आडवा होई, मग पाठ्यपुस्तके, मग सायंसंध्या, मग देऊळ. रात्री परत येईपर्यंत घसा बसलेला असे. खरे सांगावयाचे तर दिवसभरात आम्ही दोघे समोरासमोर बसत होतो ते एवढेच, आणि तेवढ्यातच मी मौनात असे.

मला त्याचा अभिमान होता. लोकांच्या घरी भांडणे ऐकू येत. आमच्या घरी भांड्याचासुद्धा आवाज होत नसे. दोन जीव शब्दांवाचून एकमेकांना समजतात, ही गृहस्थाश्रमाची केवढी सिद्धी, असे मला वाटे.

तो आला तो अश्रुधुराच्या दिवशी. थंडीचे दिवस होते. रस्त्यावर मोर्चा अडवला गेला होता, नळकांडी फुटत होती, आणि संचारबंदी लागणार म्हणून खालच्या दुकानांच्या फळ्या धडाधड बंद होत होत्या. त्या गोंधळात एक कुत्रा आमच्या चाळीचा जिना चढून वर आला. विटकरी रंग, अर्धा कान तुटलेला, मागच्या पायावर ओली जखम. डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या होत्या आणि त्याला पुढचे काही दिसत नव्हते. तो भिंतीला अंग घाशीत घाशीत आला आणि नेमका आमच्या उंबऱ्याला थटून खाली बसला.

मी आत पूजेला बसलो होतो. पत्नीने हाताला लागला तो तांब्या उचलला आणि उंबऱ्यावर गुडघे टेकून त्याचे डोळे धुवावयास आरंभ केला.

"अगं, तो पूजेचा तांब्या!" मी आतून ओरडलो.

तिने मागे वळून पाहिले नाही. ती कुत्र्याला म्हणाली, "चुरचुरतात ना रे? असू दे हं. मिटू नकोस. उघड, उघड. शहाणा माझा."

मी पळीपंचपात्र हातात धरून तसाच राहिलो. तांब्याचे दुःख होतेच, ते चिंचेने घासून गेले असते. पण "शहाणा माझा" हे दोन शब्द मी तिच्या तोंडून कधी ऐकले नव्हते. असा आवाज तिला आहे, हेही मला ठाऊक नव्हते.

संचारबंदी उठेपर्यंत त्याला कोठे हाकलता येईना. बंदी उठल्यावर मी म्हणालो, "आता त्याला खाली सोडून ये. सोवळ्याओवळ्याच्या घरात कुत्रा कसा ठेवायचा?"

येथे वैश्वदेवाविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. गृहस्थाने शिजवलेल्या अन्नातून देवांना, पितरांना, भूतमात्रांना भाग काढून ठेवावयाचा असतो. त्यांतला एक घास श्वानासाठी, उंबऱ्याबाहेर. मी तो रोज मंत्र म्हणून ठेवीत असे. तिसऱ्या मजल्यावर कुत्रे कोठून यावयाचे? बहुधा चाळीतली मांजर तो खाऊन जाई, आणि श्वानाचा भाग मार्जाराच्या पोटात जातो याची मला थोडी खंतही वाटे.

पत्नी माझ्याशी वाद घालीत नसे. त्या दिवशीही तिने घातला नाही. तिने कुत्र्याकडे पाहिले आणि त्यालाच सांगितले, "ऐकलंस ना? रोज दुपारी मंत्र म्हणून बोलावतात तुला. इतकी वर्षं बोलावताहेत. आता तू आलास, तर म्हणतात जा."

मंत्रावर माझी श्रद्धा होती. आवाहन केलेला अतिथी पायरीवरून परत पाठविण्यास मला कोठेही आधार सापडेना. कुत्रा राहिला. उंबऱ्याच्या बाहेर, सज्जात, असे ठरले.

आणि त्या दिवसापासून ती बोलू लागली.

प्रथम मला वाटले, जखम बरी होईपर्यंत चालेल. हळद आणि खोबरेल लावताना दोन शब्द, पट्टी बदलताना दोन शब्द. जखम भरली, लंगडणे थांबले, अंगावर तकाकी आली. बोलणे मात्र वाढतच गेले. सकाळी नळावरून हंडा आणताना ती त्याच्याशी बोले. कपडे वाळत घालताना बोले. आणि सर्वांत असह्य म्हणजे मी पानावर बसलेला असताना बोले. तो उंबऱ्यापलीकडे पुढच्या पायांवर हनुवटी ठेवून बसे, ती समोर वाढावयास बसे, आणि माझे ओठ बंद असत.

"आज भाजीत मीठ जास्त पडलंय वाटतं," ती त्याला म्हणे. "बघ ना यांच्या तोंडाकडे. काही कळतंय का तुला? मलाही नाही कळत."

मीठ जास्त पडलेले नसे. भाजी उत्तम असे. पण ते मी सांगणार कसा? मी मान हलवी. ती मान पाण्यासाठी आहे की भातासाठी, हे कळेपर्यंत ती पुन्हा त्याच्याकडे वळलेली असे आणि तो शेपटीने जमीन झाडून तिला उत्तर देत असे. माझ्या घरात, माझ्या पानासमोर, माझ्या पत्नीच्या प्रश्नांना एक कुत्रा उत्तरे देत होता!

एके दिवशी ती त्याला म्हणाली, "थंडी वाजते ना रात्री? यांचं ते रेशीमकाठी उपरणं पेटीत नुसतं पडून आहे. विचार बरं त्यांना, घेऊ का?" नेमक्या त्याच क्षणी मला भात हवा होता. मी तळहात उताणा केला. "बघ," ती आनंदाने म्हणाली, "हो म्हणाले!"

सायंकाळी देवळातून परतलो तो सज्जात माझे उपरणे अंथरलेले आणि त्यावर तो मुटकुळे करून निजलेला. सप्ताहाच्या समाप्तीला देवस्थानाने श्रीफळासह दिलेले ते उपरणे होते. नवे राहावे म्हणून मी स्वतः ते कधी पांघरले नव्हते.

मनात जे उठले, त्याला मत्सर म्हणतात. षड्रिपूंत तो सहावा. योगायोग असा, की त्याच आठवड्यात देवळात षड्रिपूंवरच माझी प्रवचने चालू होती आणि दुसऱ्या दिवशी सहाव्याची पाळी होती. मी मत्सरावर बोललो. दुसऱ्याचे सुख पाहून अंतःकरण कसे करपते, झोप कशी उडते, गोड पदार्थ कसा कडू लागतो, हे मी असे काही वर्णिले की मंडळी तल्लीन झाली. उठताना एक वृद्ध गृहस्थ म्हणाले, "गुरुजी, काय रंगलं आज! जणू स्वतः भोगल्यासारखं!"

घरी येऊन पाहतो तो त्या प्रवचनाचा विषय माझ्या उपरण्यावर घोरत होता.

आमच्या शेजारच्या खोलीत मालवणकडच्या एक आजी राहत. त्यांचा मुलगा परळच्या गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होता. आजींची जीभ धारदार, आणि त्या सज्जात बसल्या की मजल्यावरचे काही त्यांच्यापासून लपत नसे. एकदा मी पानावर असताना त्या दारात येऊन उभ्या राहिल्या. पत्नी कुत्र्याशी बोलते आहे आणि मी हाताने खुणा करतो आहे, हे त्यांनी थोडा वेळ पाहिले आणि मग कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "गे बाये, ह्या काय तुझ्या घरातला? माणूस मुको आणि कुत्रो बोलको!"

पत्नी पदर तोंडाला लावून हसली. कुत्र्यानेही तोंड उघडून जीभ बाहेर काढली. मी ताक मागितले, खुणेने.

सकाळी शाळेपूर्वी मी देवघरासमोर जपाला बसे. मधली भिंत फळ्यांची होती आणि तिच्यापलीकडे ती चहा करताना त्याच्याशी बोलत असे. ओठ मंत्र म्हणत. कान पलीकडे असत. मण्यावरून मणी पुढे सरके आणि मेरुमणी कधी आला, हे मला कळत नसे. त्या फळ्यांतून मला माझ्या पत्नीची जी ओळख झाली, ती त्यापूर्वी झालेली नव्हती. तिला चाळीच्या जिन्याची भीती वाटते, हे मला तेथे कळले. खालून वर येताना ती भिंतीवरचा हात कधी सोडीत नाही. तिला कवठाची चटणी फार आवडते, आणि मी ती खात नाही म्हणून ती करीत नाही, हे कळले.

आणि एके सकाळी हेही कळले: "देवळात म्हणे लोक खो खो हसतात यांच्या बोलण्याला. पलीकडच्या वहिनी सांगत होत्या. पोतंभर बोलतात तिथे. घरी येतात ते रिकामं पोतं झटकत. तू ऐकलंयस का कधी रे यांना? मीही नाही."

माळ माझ्या हातात तशीच थांबली. मंडळी ज्या बोलण्यासाठी लांबून येत, ते बोलणे ज्या घरातून निघत होते त्या घराला ठाऊक नव्हते. ती देवळात येत नसे, कारण त्या वेळी ती माझ्यासाठी रात्रीचा स्वयंपाक करीत असे.

त्याच सुमारास एका सकाळी तिने त्याला तिच्या लहानपणची एक हकीकत सांगावयास घेतली. तिचे माहेर कोकणात, खाडीच्या काठी. मावशीच्या लग्नाला ती आणि तिची धाकटी बहीण इतर पोरांबरोबर होडीतून पलीकडे निघाल्या होत्या. बरोबर लग्नघरी द्यावयाचे दोन मोठे फणस होते. मध्येच ओहोटी लागली आणि होडी चिखलात रुतली. नावाड्याने वल्ह्याने ढकलून पाहिले, उतरून खांदा लावून पाहिला, होडी हलेना. पलीकडच्या काठावरून लग्नाची वाजंत्री ऐकू येत होती. "आणि मग काय झालं माहीत आहे?" ती त्याला म्हणाली, आणि तेवढ्यात नळाला पाणी आल्याची हाळी उठली. ती हंडा घेऊन धावली. कुत्राही तिच्यामागे धावला. मी आसनावर बसून राहिलो.

पुढे काय झाले? हे मला पुढे कित्येक वर्षे समजले नाही. तिने ती गोष्ट सज्जात, नळावर, कोठेतरी त्याला नक्की पुरी करून सांगितली असणार. तो जाणत होता. त्याचे ते शांत, तृप्त तोंड पाहिले की मला वाटे, हा जाणतो आहे. आणि मला विचारावयाचे म्हटले तर विचारणार कसे? "जप करताना तुझे बोलणे ऐकत होतो" असे म्हणणार?

मी प्रयत्न केला नाही असे नाही. एकदा जेवणाआधी, आपोशन घेण्यापूर्वी, मी मुद्दाम थांबलो आणि म्हणालो, "आज ऊन बरेच आहे."

तिच्या हातातली पळी थांबली. "बरं वाटत नाही का?" तिने काळजीने विचारले. "सुंठ देऊ?"

मग मी त्याला वश करून पाहिले. देवळातून येताना पेढा आणला. त्याने तो माझ्या तळहातावरून सभ्यपणे उचलला, माझ्याकडे क्षणभर पाहिले, आणि पेढा तोंडात धरून सज्जात उभ्या असलेल्या तिच्या पायाशी जाऊन खाल्ला.

वर्षे अशी गेली. लढा चालू होता. गिरगावात सभा होत, मोर्चे निघत, कोणाचा मुलगा तुरुंगात जाई, कोणाच्या घरातून मोर्चाला गेलेला परत येत नसे. त्यांच्या नावाने आम्ही देवळात दिवा लावीत असू. रस्त्यावर मोठा आवाज झाला की कुत्रा थरथरत तिच्या पदराखाली शिरे, आणि ती त्याच्या कानावर हात ठेवून काहीतरी पुटपुटे. काय पुटपुटते, ते मला ऐकू येत नसे.

आणि शेवटी आपले राज्य झाले. त्या दिवशी घरोघरी गोडाचे होते. पत्नीने पुरणपोळी केली होती आणि कटाची आमटी. मी पूजा आटोपली, वैश्वदेव केला, त्याचा घास उंबऱ्याबाहेर ठेवला आणि पानावर बसलो. त्या दिवशीची आमटी काही वेगळीच झाली होती. मी वाटीसाठी पुन्हा हात उताणा केला. ती वाढून, शेजारच्या आजींना पुरणपोळी द्यावयास पलीकडे गेली.

तेवढ्यात कोणीतरी सज्जाच्या नळाकडच्या टोकाला फटाक्यांची माळ लावली.

तो घास टाकून उठला. तिला शोधण्यासाठी त्याने एकदा आत पाहिले. आत मी होतो. त्याची नजर माझ्यावरून पुढे गेली, रिकाम्या पाटावर थांबली, आणि तो उलट्या पायी जिन्याकडे पळाला.

आपोशन घेतल्यावर पानावरून उठू नये आणि जेवणाअखेरच्या उत्तरापोशनाशिवाय बोलू नये, हे मला पाठ होते. कुत्र्याच्या मागे जावयास माझ्यावाचून दुसरे कोणीही त्या खोलीत नव्हते.

"थांब!" मी ओरडलो. "अरे, थांब!"

माझाच आवाज मला परका वाटला. मी अर्ध्या पानावरून उठलो आणि सोवळ्यानिशी जिना उतरू लागलो. उजवा हात पुरणाने आणि आमटीने भरलेला. तो कशाला लागू नये म्हणून मी उंच धरला होता. खाली रस्ता गुलालाने लाल झाला होता. ताशे वाजत होते. लोकांनी पाहिले की पीतांबर नेसलेले, उघड्या अंगाचे शास्त्रीबुवा हात उंचावून धावत येत आहेत. त्यांना वाटले मी घोषणा देतो आहे. "महाराष्ट्राचा विजय असो!" सगळा घोळका गरजला. मी हात खाली घेऊ शकत नव्हतो. मी जसजसा पुढे जाई तसतशी माझ्याभोवती घोषणा उठत जाई, आणि तो त्या आवाजाला भिऊन आणखी पुढे पळे.

"गुरुजी, पान सोडून निघालात की काय?" छापखान्याच्या पायरीवरून कोणी विचारले.

"कुत्रा! कुत्रा पाहिलात का?"

"आज कुत्रा कसला पाहता, गुरुजी! पेढा घ्या!"

गल्लीच्या वळणावर कोळशाची वखार होती. तिच्यासमोर एक हातगाडी उभी होती आणि तिच्याखाली, चाकाच्या मागे, मला अर्धा तुटलेला कान दिसला. मी वाकलो. तो अगदी आत, भिंतीला अंग चिकटवून थरथरत होता. डोळ्यांतून पाणी वाहत होते, जसे पहिल्या दिवशी वाहत होते. मी हाक मारली. तो हलला नाही. दुसऱ्यांदा मारली. त्याने माझ्याकडे पाहिले आणि पलीकडे पाहिले, ती येते आहे का म्हणून.

तेव्हा मी कोळशाच्या भुकटीत, सोवळ्यात, मांडी घालून बसलो. ज्या आवाजाला तो ओळखत होता, तो माझ्याजवळ नव्हता. जे होते तेच त्याच्याशी बोलावे, असे वाटले.

"हे पाहा," मी म्हणालो, "आज धूर नाही. गोळी नाही. आपले राज्य झाले आहे, त्याचा हा आनंद चालला आहे. तुझी समजूत चुकली. माझीही चुकते." तो ऐकत होता. "तू पळालास आणि माझे पान अर्धे राहिले. कटाची आमटी काय झाली होती! इतक्या वर्षांत तशी खाल्ली नाही. नाही, खोटे कशाला बोलू, प्रत्येक सणाला तशीच होते. पण मी कधी तिला सांगितले नाही. मी मौनात असतो. तू असतोस, तुला ती सगळे सांगते. जिन्याची भीती तुला सांगितली, कवठाची चटणी तुला सांगितली. ती होडी चिखलात रुतली, पुढे काय झाले, तेही तुला ठाऊक आहे. मला नाही. मला तुझा फार हेवा वाटतो, बाबा. आता बाहेर ये. मी एकटा परत गेलो तर ती माझ्याशी तेवढेही बोलणार नाही."

मी भरलेला हात गाडीखाली पुढे केला. बराच वेळ काही झाले नाही. मग ओल्या नाकाचा स्पर्श झाला, आणि तो माझ्या बोटांवरचे पुरण चाटू लागला. मोठ्या काळजीने, एकेक बोट.

माझ्या मागे बांगड्या वाजल्या. ती केव्हापासून उभी होती, हे मी आजतागायत विचारलेले नाही. हातात पाण्याचा तांब्या होता. माझ्या उष्ट्या हातासाठी आणला असावा. ती माझ्याकडे पाहत नव्हती. गाडीखाली वाकून ती त्याला म्हणाली, "त्यांना म्हणावं, कधी विचारलं का?"

मी त्यालाच म्हणालो, "तिला सांग, मौन असते."

"त्यांना म्हणावं, मौन जेवताना असतं. दिवस काय फक्त जेवणाचा असतो?" मग तिचा आवाज थोडा खाली आला. "आणि म्हणावं, आमटी गार झाली. पुन्हा ऊन करते."

तो आमच्या दोघांच्या तोंडांकडे आळीपाळीने पाहत बाहेर आला. तिने माझ्या हातावर पाणी घातले. मी तिच्याकडे पाहून, मध्ये कोणाला न घेता, विचारले, "त्या होडीचं पुढे काय झालं?"

ती माझ्याकडे पाहत राहिली. तिच्या कपाळाला कोणी लावलेला गुलाल होता. "तुम्ही जप करत होतात ना?"

"ओठांनी."

ती हसू लागली. अशी हसली, की वखारीतला माणूस बाहेर येऊन पाहू लागला. घरी जाताना, जिना चढताना, तिने मला ते सांगितले. होडी हलेना, तेव्हा नावाडी विडी ओढत बसला. पोरांना भूक लागली. त्यांनी लग्नघरचे दोन्ही फणस फोडले आणि आठळ्या चिखलात टाकीत सगळे गरे संपवले. ओढून, ढकलून काही झाले नव्हते. भरती आली, आणि होडी आपोआप उचलली गेली. लग्नघरी पोहोचल्यावर सगळ्यांच्या हातांना चीक आणि फणसाचा पत्ता नाही. "बाबांनी मारलं?" मी विचारले. "मारलं नाही. रात्रभर हसत होते," ती म्हणाली. बोलता बोलता आम्ही तिसऱ्या मजल्यावर पोहोचलो होतो आणि तिचा हात भिंतीवर नव्हता. तो कुत्र्याच्या मानेवर होता. माझ्या हातात तांब्या होता.

त्या दिवशी मी प्रायश्चित्त घेतले, पुन्हा स्नान केले, आणि उरलेले जेवण बोलत केले. नंतर ग्रंथ उलटून पाहिले. पहिल्या पाच प्राणाहुतींपर्यंत मौन पाळले तरी चालते, पुढे ते ज्याच्या त्याच्या इच्छेवर आहे, असा आधार मला सापडला. तो पूर्वीही तेथेच होता. तेव्हापासून पाच घासांपर्यंत आमच्या घरी शांतता असते आणि सहाव्याला मी पहिले वाक्य बोलतो. त्याला उंबऱ्याच्या आत एक हात जागा मिळाली. कवठाची चटणीही होऊ लागली; ती मला अजून आवडत नाही, आणि हे मी आता स्पष्ट सांगू शकतो.

माझा हेवा गेला, असे मात्र कोणी समजू नये. तो आमच्याकडे म्हातारा होईपर्यंत राहिला. मी त्याला समुद्रावर फिरावयास नेई, त्याच्या अंगावरची गोचीड काढी, थंडीत त्याच्यावर ते उपरणे स्वतः घाली. तरी रात्री तो निजे तो तिच्याच पायाशी. शेवटच्या दिवशी मी त्याच्या कानात नामस्मरण केले. ऐकले त्याने, पण डोके होते ते तिच्या मांडीवर, आणि ज्या आवाजाकडे त्याने शेवटचे डोळे वळवले, तो आवाज माझा नव्हता. तेव्हाही मला थोडे लागले. तिचा हेवा वाटला की त्याचा, हे मला सांगता येणार नाही.

आजही वैश्वदेवानंतर मी तो घास उंबऱ्याबाहेर ठेवतो. कधीकधी ती तेथे वाकून, रिकाम्या जागेशी काहीतरी हळूच बोलते. मी आतून विचारतो, "काय म्हणालीस?" ती म्हणते, "तुम्हाला नाही." आणि मी पानावर बसून, पाचवा घास संपण्याची वाट पाहतो.

पुतणीच्या यजमानांना एवढेच सांगणे, की खुर्ची त्याला द्यावी आणि जमिनीवर बसून त्याला सांगितले जाते ते लक्ष देऊन ऐकावे. त्या पिलाचा पाय लवकर बरा होवो. हे वाचणाऱ्या प्रत्येकाच्या घरी अन्न शिजत राहो, त्यांतला एक घास बाहेर ठेवण्याची बुद्धी राहो, तो खाण्यास कोणीतरी येत राहो. आणि त्या घरातील माणसांचे बोलणे एकमेकांपर्यंत पोहोचो, मग ते कोणाच्याही मार्गाने का होईना. श्रीदत्तगुरू आपणां सर्वांचे कल्याण करोत.